रविवारच्या कोड्यातल्या त्र्याहत्तर फुल्या

माझ्या वडिलांना आम्ही सगळे नाना म्हणतो. गेल्या ऑगस्टमध्ये निमगाव साव्याला शेतावर असताना त्यांना पक्षाघाताचा सौम्य झटका आला. उजवा हात दोन दिवस जड होता आणि बोलताना शब्द थोडे अडकत होते. आठ दिवसांत दोन्ही सुधारलं. डॉक्टर म्हणाले, औषध चालू ठेवा, चालणं चालू ठेवा आणि डोकं रिकामं ठेवू नका. वर्तमानपत्र वाचू द्या, शब्दकोडं सोडवू द्या.

मी नानांना पेठला माझ्या घरी आणलं. आमच्याकडे येणाऱ्या वर्तमानपत्रात रोज बारा शब्दांचं छोटं कोडं असतं. नाना जुनी सातवी शिकलेले आहेत, अक्षर वळणदार आहे. रोज सकाळी चहा झाला की ओट्यावर बसून चष्मा लावून ते कोडं सोडवायचे. दुसऱ्या दिवशी उत्तरांची चौकट छापून यायची आणि संध्याकाळी कामावरून आलो की मी ते तपासायचो.

माझं कामच तपासण्याचं आहे. मी तालुक्यातल्या एका दूध संघात आहे. संकलन केंद्राच्या वहीतले लिटर आणि टँकरच्या चलनावरचे लिटर रोज जुळवायचे. तीनशे ओळी. जुळलं तर बरोबरची खूण, नाही जुळलं तर लाल फुली. एकवीस वर्षं हेच करतोय आणि माझ्या कामात चूक निघाली असं फारसं कुणी म्हटलेलं नाही. तीच पद्धत मी नानांच्या कोड्याला लावली. वहीत तारीख, बारापैकी किती, टक्केवारी. सोमवार ते शनिवार नाना साधारण दहावर असायचे. ब्याऐंशी-त्र्याऐंशी टक्के. झटका आलेल्या एकोणऐंशी वर्षांच्या माणसाला हे उत्तम आहे, असं मी पुण्यात राहणाऱ्या धाकट्या भावाला फोनवर सांगायचो. तोही खूश व्हायचा.

आम्हा दोघा भावांत ठरलं होतं की दिवाळीनंतर बघायचं. डोकं नीट चालत असेल तर नानांनी परत निमगावला जायचं, घर आहे, शेजारी भावकी आहे. नसेल तर भावाच्या सातव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये कायमचं, आणि निमगावच्या घराला कुलूप. नानांना हे माहीत होतं. त्यांनी एकदाच विचारलं होतं, "मग माझी कांद्याची लागण कोण करणार? तुमी का?"

ऑक्टोबरपासून वर्तमानपत्राने रविवारचं कोडं शेतीविशेष केलं. वर नांगर धरलेल्या शेतकऱ्याचं चित्र आणि खाली बारा शब्द, सगळे शेतीतले. मला वाटलं, आता नानांचं बघायलाच नको. बारापैकी बारा.

पहिल्या रविवारी बारापैकी पाच आले. दुसऱ्या रविवारी चार. मी दोनदा तपासलं, आकडा तोच. शिवाय नानांनी एका ठिकाणी छापलेलं घर पेनाने काळं करून टाकलं होतं आणि दुसऱ्या ठिकाणी चौकटीच्या बाहेर समासात स्वतःच्या हाताने दोन घरं वाढवली होती. हे मी वहीत वेगळं लिहिलं: 'घरं बदलतात.'

मी नानांना म्हणालो, "नाना, आहेत तेवढ्याच घरांत लिहायचं असतं."

"त्यांनी कमी टाकल्यात."

"असं कसं कमी टाकतील? ते मोजून छापतात."

"मग मोजणारा शेतात गेलेला नसंल," नाना म्हणाले आणि चष्मा पुसायला लागले. मी तेही वहीत लिहिलं: 'चूक मान्य करत नाहीत.'

दहा रविवार झाले. एकशे वीस शब्दांपैकी सत्तेचाळीस बरोबर. एकोणचाळीस टक्के. भावाला आकडा सांगितला तेव्हा त्याने तो आधी परत विचारून घेतला. मग म्हणाला, "भाऊ, बाकीचं सगळं येतंय आणि शेतीचंच येत नाही? म्हणजे ज्यात सगळं आयुष्य घातलं तेच पुसलं जातंय. त्यांना शेतावर एकटं कसं सोडायचं? मोटार चालू करायला गेले आणि आठवलंच नाही तर?"

मलाही हेच वाटत होतं. आकडा समोर होता. पुढच्या रविवारी त्याने गाडी घेऊन यायचं आणि नानांना घेऊन जायचं ठरलं. नानांना सांगितलं ते मीच. वही उघडून त्यांच्यासमोर धरली. त्यांनी वही हातात घेतली नाही. एवढंच म्हणाले, "तू लिहिलंय म्हंजे बराबरच आसंल."

हे वाक्य आज आठवलं तरी माझ्या कानशिलावर चटका बसतो.

त्या रविवारी सकाळी माझी बायको नानांची बॅग भरत होती. ती महाळुंगे पडवळची, शेतात वाढलेली. नानांच्या चपला गुंडाळायला तिला कागद हवा होता. कपाटातल्या माझ्या फाईलमधून तिने रविवारचं एक पान काढलं.

"ते नको घेऊस," मी म्हणालो. "ते रेकॉर्ड आहे."

माझी पद्धत अशी होती की सोमवारी छापून आलेली उत्तरांची चौकट कापायची आणि रविवारच्या पानावर नानांच्या चौकटीशेजारी स्टेपल करायची. दोन चौकटी शेजारी आल्या की नजर न हलवता जुळवता येतात. चौकटीशेजारी शब्दांचे अर्थ छापलेले असतात, ते खाली झाकले जायचे. मला त्यांची गरज नव्हती. चलन तपासताना दूध कुणाच्या गोठ्यातलं हे मी कधी विचारतो का?

बायकोने स्टेपल केलेला तुकडा वर उचलला आणि खालचं वाचलं. "आडवे, चार. पेरणीचे अवजार, तीन अक्षरी." मग नानांची चौकट बघितली. "पाभर. बरोबर आहे की. मग ही फुली कशाला मारली?"

"उत्तर नांगर आहे."

ती माझ्याकडे बघत राहिली. "अहो, नांगरानं कुठं पेरतात?"

पाभर मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. माझी आई पाभरीमागून चालताना चाड्यात, म्हणजे वरच्या लाकडी वाटीत, मुठीने बी सोडायची आणि ते नळ्यांमधून जमिनीतल्या तासात उतरायचं. तिची मूठ इतकी सारखी होती की उगवून आलं की ओळ आखल्यासारखी दिसायची. चार गावच्या लोकांनी तिच्या मुठीचं नाव घेतलेलं मी ऐकलंय. आणि मी, तिचा मुलगा, पाभर या शब्दावर लाल फुली मारून मोकळा झालो होतो. नुसती एक मारली नव्हती. तिच्या शेजारी टक्केवारी काढली होती.

मी दहाही पानं जमिनीवर मांडली. एकेक स्टेपल उचकटला. बायको अर्थ वाचत गेली आणि मी बघत गेलो.

"बैलाच्या तोंडाला बांधायची जाळी," ती म्हणाली. "नानांनी लिहिलंय मुसकी."

"छापलेलं उत्तर, वेसण."

"वेसण नाकात असते! यांनी बैल बघितलाय का टीव्हीवर तरी?"

"पुढचं वाच."

"धान्य वाऱ्यावर धरून भुसा वेगळा करणे. नाना, उफणणे."

"छापलेलं, पाखडणे."

"पाखडायला वारा कशाला लागतोय? मी काय रोज तांदूळ पाखडायला माळावर जाते?"

ती हसत होती. मला हसू येत नव्हतं. माझ्या हातात ते पान होतं, आणि त्या पानावर एका अशा माणसाने, ज्याने आयुष्यात पेरलेलं किंवा मळलेलं काही नाही, वर शेतकऱ्याचं चित्र लावून शेतकऱ्याला नापास केलं होतं. शेतीचा गौरव म्हणून हे सदर काढलं होतं, तसं वर छापलंच होतं. गौरव करायचा आणि नांगराने पेरायचं! एखाद्याने ताकाच्या रवीला लाटणं म्हटलं असतं तर शंभर पत्रं आली असती. कारण स्वयंपाकघर सगळ्यांनी बघितलंय. शेताचं कुणी काहीही छापावं, विचारतो कोण?

पुढच्या एका पानावर अर्थ होता, 'मोबदला न घेता दुसऱ्याच्या शेतात केलेले काम.' नानांचं उत्तर सावड. छापलेलं उत्तर बिगार.

इथे बायकोही हसायची थांबली. आमच्याकडे अजून पन्नाशीपुढच्या प्रत्येक माणसाला सावड माहीत आहे. तू दोन दिवस माझ्या शेतात ये, मी दोन दिवस तुझ्या शेतात येतो. ज्याच्या घरी चार माणसं त्याची चार, ज्याच्या घरी दोन त्याची दोन, आणि कुणाचा दिवस फेडायचा राहिलाय हे न लिहिता सगळ्यांच्या ध्यानात. बिगार म्हणजे वरून हुकूम आला आणि मुकाट्याने राबायला गेला तो. माझ्या आईने शेजारणीच्या शेतात उन्हात वाकून खुरपलं, त्याला हे बिगार म्हणणार? ती गेली ती तिच्या मर्जीने गेली आणि शेजारीण तिच्या शेतात आली ती मान वर करून आली.

सगळं परत मोजलं. फुल्या त्र्याहत्तर होत्या. त्यातल्या एक्केचाळीस ठिकाणी नानांचा शब्द अर्थाला बरोबर होता. काही ठिकाणी छापलेला शब्दही चालला असता, काही ठिकाणी तो सरळसरळ चूक होता. सव्वीस ठिकाणी नानांनी घरं रिकामी सोडली होती, कारण आडवा शब्द खरा लिहिला की छापणाऱ्याच्या खोट्या शब्दावर बेतलेला उभा शब्द बसेना. ते सव्वीस मी हिशेबातूनच काढले. ना बरोबर, ना चूक. राहिले सहा. त्यातले दोन नाना खरंच चुकले होते. चार ठिकाणी त्यांनी घरं बदलली होती. पीक राखायला बसायची उंच जागा याला छापलेलं उत्तर मचाण होतं. नानांनी एक घर काळं करून माळा लिहिलं होतं.

"माळाच म्हणतात," बायको म्हणाली. "हे तरी बरोबर धरा."

"घरं मोडून लिहिलेलं बरोबर धरता येणार नाही. नियम म्हणजे नियम."

"तुमच्या नियमाला काय म्हणावं आता," ती म्हणाली आणि उठून आत गेली. तरी मी ते चूकच ठेवलं. चौऱ्याण्णवपैकी अठ्ठ्याऐंशी. त्र्याण्णव पूर्णांक सहा दशांश टक्के. झटका आलेल्या नानांना शेतीचं जेवढं येत होतं तेवढं मला, माझ्या भावाला आणि त्या वर्तमानपत्राला मिळून येत नव्हतं.

भाऊ बाराच्या सुमाराला आला. नाना ओट्यावर बॅग शेजारी ठेवून, टोपी घालून तयार बसले होते. मी भावाला आत घेतलं आणि दहा पानं त्याच्यासमोर ठेवली. त्याला आधी कळेना.

"म्हणजे पेपर चुकलाय?"

"पेपर चुकला ते वेगळं. मी अर्थ न वाचता तपासत होतो. दहा आठवडे."

"भाऊ, तू?" एवढंच तो म्हणाला. मग त्याने स्वतः पाच-सहा पानं वाचली. पाभरीशी येऊन थांबला. त्याचेही कान लाल झाले. "पण भाऊ, एक कोडं बरोबर आलं म्हणून एकटं राहू द्यायचं, असं तरी कसं? डॉक्टरांना विचारायला पाहिजे."

ते त्याचं बरोबर होतं. मी तिथेच डॉक्टरांना फोन लावला. रविवार असूनही त्यांनी उचलला. सगळं ऐकून ते म्हणाले, "मी कोडं व्यायाम म्हणून सांगितलं होतं. तुम्ही परीक्षा घेत होतात?" मागच्याच आठवड्यात त्यांनी नानांना तपासलं होतं. रक्तदाब ठीक, हात ठीक, चाल ठीक. औषध वेळेवर घेतील आणि कुणीतरी रोज डोकावेल तर त्यांना गावी जाऊ द्यायला त्यांची ऑगस्ट संपल्यापासूनच हरकत नव्हती. "तुम्ही मला विचारलंच नाही," ते म्हणाले.

मी नव्हतं विचारलं. माझ्याकडे वही होती ना.

आम्ही दोघे ओट्यावर गेलो. मी नानांसमोर खाली बसलो आणि सांगितलं की तुमचं सगळं बरोबर होतं, माझं तपासणं चुकलं.

"सगळं न्हाई," नाना म्हणाले. "दोन मलाबी आलं नव्हतं. आंदाजानं लिवलं व्हतं."

"मग तुम्ही मला सांगितलं का नाही? फुल्या दिसत होत्या ना?"

"सांगितलं की. घरं कमी टाकल्यात म्हणलं, मोजणारा शेतात गेला न्हाई म्हणलं. तू वहीत लिवीत बसला. म्हणलं, लेकाला लिवायची लई हौस, लिवू दे."

भाऊ हसला, पण त्याला नीट हसता येत नव्हतं. "नाना, आता कुठं जायचं? पुण्याला की निमगावला?"

नानांनी त्याच्याकडे बघितलंच नाही. माझ्याकडे बघितलं. "तुझ्या घरी मी किती दिवस कोडं सोडवलं?"

आकडा मला पाठ होता. "एकशे बारा."

"मला कोड्याची आवड न्हाई. तू म्हणला म्हणून केलं. तुझं काम केलं एकशे बारा दिवस. आता माझी लागण आलीय. सावड काय असती ते तुला आता कळलंच आसंल."

मी म्हणालो, "नाना, मला सुट्टी फक्त रविवारी असते. एकशे बारा रविवार म्हणजे दोन वर्षं आणि आठ आठवडे."

"मग तेवढं दिवस तर मला जगायलाच पायजे," नाना म्हणाले आणि बॅग उचलून गाडीत जाऊन बसले. भावाने गाडी पुण्याच्या उलट दिशेला वळवली.

दुसऱ्या दिवशी मी वर्तमानपत्राच्या कचेरीत फोन केला. कोडं कोण तयार करतं, त्याच्याशी बोलायचंय म्हणालो. फोनवरची मुलगी नम्र होती. "सर, ते आमच्याकडे तयारच येतं. बाहेरून. कॉम्प्युटरवर होतं बहुतेक." मी म्हणालो, नांगराने पेरत नाहीत हे त्यांना कळवा. ती म्हणाली, "लिहून घेते सर. पण सदर वाचकांना खूप आवडतंय." मी दहा कोड्यांतल्या चुका पान आणि घर नंबरासह लिहून पोस्टाने पाठवल्या. पोच आली नाही. दुरुस्ती छापली नाही. शेतकऱ्याचं चित्र अजून वर असतं. ज्याने चूक केली त्याला नाव नाही, चेहरा नाही, जिथे जाऊन भांडावं असा बांध नाही. चिडायचं तर कुणावर? म्हणून माझा निम्मा राग माझ्यावरच राहिला आहे, आणि तो तिथे राहिला तेच योग्य आहे. कॉम्प्युटरला पाभर माहीत नव्हती. मला होती.

आता दर रविवारी सकाळी मी निमगावला जातो. एक शेजारी रोज संध्याकाळी नानांकडे डोकावतो, भाऊ सकाळी फोन करतो, औषधाच्या गोळ्या मी मोजतो. तेवढी सवय त्यांनी चालवून घेतली आहे. भावकीने आधीच टाकून ठेवलेल्या त्यांच्या गादीवाफ्यातली कांद्याची रोपं चांगली आली होती. मी ओळीने लावत जातो आणि नाना मागून काठी टेकत बघत येतात. रोप जास्त खोल गेलं असेल, अंतर चुकलं असेल, तर वाकून उपटतात आणि माझ्या हातात देतात.

नऊ रविवार झाले. त्यातल्या तीन रविवारी त्यांनी माझी अख्खी ओळ उपटून मला परत लावायला लावली. शेजारी विचारत होता, ते तीन दिवस सावडीत धरायचे का.

नाना म्हणाले, "न्हाई."

म्हणजे फिटले सहा. राहिले एकशे सहा.